सेट बोनसची खरी किंमत कशी काढायची? ‘मेज’ क्लास घेऊन केलेला हिशेब

सेटवर ‘२०% जास्त डॅमेज’ असं लिहिलेलं असतं. आपण तो चढवतो, रेडला जातो आणि मीटर बघतो, तर २०% कुठेच दिसत नाही. कधी १४ दिसतं, कधी ३, आणि कधी कधी आकडा आधीपेक्षा खालीच आलेला असतो. बोनसच्या पाटीवरचा आकडा आणि आपल्या हातात पडणारा आकडा यात एवढं अंतर का पडतं आणि ते घरबसल्या कसं मोजायचं, ते या लेखात सांगतो. उदाहरणासाठी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला मेज क्लास घेतलाय, कारण त्यावर मी स्वतः तोंडावर आपटलोय. पण पद्धत कुठल्याही ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमला चालते. मोबाइलवर गेन्शिन खेळणाऱ्यांसाठीही मध्ये एक भाग आहे.

आधी माझी चूक सांगून टाकतो. २०२२ च्या जानेवारीत बर्निंग क्रुसेड क्लासिकमध्ये ब्लॅक टेंपल उघडलं. माझ्याकडे टियर ५ चे हातमोजे आणि पँट होती. टियर ६ चे नवे पीस मिळाले तसे मी लगेच चढवले. आयटम लेव्हल जास्त, स्पेल डॅमेज जास्त, रंगरूपही झकास. जुने हातमोजे बॅगेत जागा अडवत होते म्हणून डिसएंचांट करून टाकले. त्यांचा एक व्हॉइड क्रिस्टल झाला. पुढच्या रेडला मीटरवर मी तीन नंबर खाली. आमच्याकडे लोणी देवकरला रात्री लाइटचा आणि नेटचा काय खेळ चालतो ते सगळ्या गिल्डला माहीत होतं, त्यामुळे सगळ्यांनी नेटवर ढकललं, मीही ढकललं. दोन आठवड्यांनी लॉग नीट उघडून बघितला तेव्हा कळलं की मी २०% चा बोनस स्वतःच्या हातानं मोडून क्रिस्टल करून ठेवलाय. तोवर गिल्डनं सर्पेंटश्राइन कॅव्हर्नला जाणं बंद केलं होतं आणि ते हातमोजे तिथल्याच लिओथेरसकडे मिळतात.

म्हणून हा हिशेब.

सेट बोनस म्हणजे नक्की काय

एकाच नावाच्या सेटचे ठरावीक पीस अंगावर असले की जास्तीचा फायदा मिळतो, तो सेट बोनस. वॉरक्राफ्टच्या पहिल्या काळात टियर १ आणि टियर २ हे आठ-आठ पीसचे सेट होते आणि बोनस ३, ५ आणि ८ पीसवर मिळायचे. नॅक्सरामसच्या टियर ३ मध्ये नऊ पीस आले आणि बोनस २, ४, ६, ८ वर. २००७ च्या बर्निंग क्रुसेडपासून पाच पीस आणि २ व ४ वर बोनस अशी पद्धत बसली: डोकं, खांदे, छाती, हात, पाय. चार पीस लागतात आणि जागा पाच, म्हणजे एक जागा मोकळी राहते. त्या एका मोकळ्या जागेवर कुठला चांगला पीस बसतो, हाही हिशेबाचाच भाग असतो. २०१८ च्या बॅटल फॉर ॲझेरॉथमध्ये टियर सेट काढून टाकले होते, ते शॅडोलँड्सच्या ९.२ पॅचमध्ये २०२२ ला परत आले.

एवढा इतिहास पुरे. मुद्दा हा की बोनस पायरीपायरीनं मिळतो. तीन पीस घातले तर तिसऱ्याचा सेट म्हणून काहीच उपयोग नाही, तो फक्त त्याच्या स्टॅट्सपुरता. नवा सीझन सुरू झाला की सगळ्यात अवघड काळ येतो तो इथेच: जुन्याचे चार अंगावर आहेत, नव्याचे दोन मिळालेत. जुने चार ठेवायचे, की दोन-दोन करायचे, की थांबायचं?

आकडा कशावर लागतो ते आधी बघा

आमच्या इंदापूर तालुक्यातलं उदाहरण देतो. एखाद्याची पाच एकर जमीन आहे, चार एकर ऊस आणि एक एकर डाळिंब. कोणीतरी औषध विकायला आला, म्हणाला ‘डाळिंबाचं उत्पन्न २०% वाढेल’. त्याचं खरं मानलं तरी घरात येणारा पैसा २०% वाढेल का? नाही. एकूण पैशात डाळिंबाचा वाटा समजा ३०% असेल तर वाढ ६%. आणि तो वाटा एकरावरून नाही, पैशावरून काढायचा. एक एकर म्हणजे जमिनीचा पाचवा हिस्सा, पण पैशाचा पाचवा हिस्सा असेलच असं नाही.

गेममध्ये तेच. टियर ५ च्या मेज सेटचा, म्हणजे टिरिस्फाल रिगेलियाचा, २-पीस बोनस असा आहे: आर्केन ब्लास्टचं डॅमेज २०% वाढतं आणि त्याचा मॅना खर्चही २०% वाढतो. लॉगमध्ये तुमच्या एकूण डॅमेजपैकी ७५% आर्केन ब्लास्टचं असेल तर फायदा ७५ चे २०%, म्हणजे १५%. किती वेळा टाकला ते बघू नका, एकूण डॅमेजमधला वाटा बघा. डिटेल्ससारख्या ॲड-ऑनमध्ये किंवा वॉरक्राफ्ट लॉग्सवर स्पेलनुसार टक्केवारी सरळ दिसते.

इथे एक बारीक गफलत होते, ती बऱ्याच जणांची होते. तो ७५% वाटा कधीचा? बोनस अंगावर नसतानाच्या लॉगमधला असेल तर १५% बरोबर. पण बोनस चालू असतानाचा लॉग असेल तर त्या ७५ मध्ये बोनस आधीच मिसळलेला आहे. मग बोनस काढला तर ७५ चे ७५ ÷ १.२ = ६२.५ होतील, एकूण १०० चे ८७.५. म्हणजे बोनसमुळे वाढ १२.५ ÷ ८७.५, साधारण १४.३%. फरक लहान आहे, पण दोन सेट जवळ जवळ असतील तेव्हा या लहान फरकावरच निर्णय फिरतो.

आता तोच बोनस फायर मेजला द्या. तो फायरबॉल टाकतो, आर्केन ब्लास्ट टाकतच नाही. त्याला या २०% चा फायदा शून्य. क्लास एकच, सेट एकच, टोकन एकच, आणि एकाला १५% तर दुसऱ्याला ०. म्हणून ‘मेजसाठी कुठला सेट चांगला’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या स्पेकचा मेज, ते आधी सांगावं लागतं.

माझी चूक नेमकी इथे झाली होती. टियर ६ च्या मेज सेटचा २-पीस बोनस इव्होकेशनचा वेळ २ सेकंदांनी वाढवतो, आणि ४-पीस बोनस फायरबॉल, फ्रॉस्टबोल्ट आणि आर्केन मिसाइल्सचं डॅमेज ५% वाढवतो. यादी परत वाचा. आर्केन ब्लास्टचं नावच नाही. सेट नवा, लेव्हल वरची, पण माझ्या मुख्य स्पेलला तो हातसुद्धा लावत नव्हता. अनुभवी आर्केन मेज टियर ५ चे दोन पीस टियर ६ च्या काळातही अंगावर ठेवतात, ते यासाठीच.

स्टॅट्स विरुद्ध बोनस: दोन्ही एकाच मापात आणा

नवा पीस घालताना आपण स्टॅट्स मिळवतो आणि बोनस गमावतो. एक आकडा स्पेल डॅमेजमध्ये, दुसरा टक्क्यांत. दोन्ही टक्क्यांत आणल्याशिवाय तुलना होत नाही.

आर्केन ब्लास्टचं मूळ डॅमेज ६६८ ते ७७२, सरासरी ७२०. त्यात तुमच्या स्पेल डॅमेजचा ७१.४% भाग जमा होतो (अडीच सेकंदांचा स्पेल, साडेतीन सेकंदांना पूर्ण भाग मिळतो, म्हणून २.५ ÷ ३.५). समजा तुमचं स्पेल डॅमेज १००० आहे. मग एक साधा फटका ७२० + ७१४ = १४३४. टॅलेंट्सचे टक्के यावर नंतर लागतात, पण ते दोन्ही बाजूंना सारखेच लागत असल्यानं तुलनेत धरायची गरज नाही.

आता समजा नवे दोन पीस घालून स्पेल डॅमेज ४० नं वाढलं. ४० × ०.७१४ = २८.६, म्हणजे १४३४ वर साधारण २%. क्रिट आणि हेस्ट थोडं वाढलं म्हणून उदारपणे आणखी २% धरा. एकूण ४%. समोर बोनस गमावल्याचे १४-१५%. हे गणित करायला मला पाच मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत आणि गिल्डच्या मीटरवर दोन आठवडे नेटच्या नावानं खडे फोडले.

‘कधी कधी’ मिळणारा बोनस

काही बोनस कायम चालू असतात. काही मात्र काहीतरी घडलं की ठरावीक वेळेपुरते चालू होतात. खेळाडू त्याला ‘प्रॉक’ म्हणतात. टियर ५ मेजचा ४-पीस बोनस असा आहे: स्पेलचा क्रिट बसला की ६ सेकंद ७० पर्यंत स्पेल डॅमेज जास्त मिळतं.

इथे विचारायचं ते एकच: लढाईच्या किती वेळात तो चालू असतो? यालाच अपटाइम म्हणतात. गणित सोपं आहे. गेल्या ६ सेकंदांत एकही क्रिट बसला नाही तरच बोनस बंद असणार. आर्केन ब्लास्टचा वेग लक्षात घ्या. मूळ कास्ट २.५ सेकंदांचा, पण प्रत्येक कास्टनंतर पुढचा एक तृतीयांश सेकंदानं लहान होतो आणि मॅना ७५% नं महाग होतो, असं तीन वेळा. तिसऱ्या पायरीवर कास्ट १.५ सेकंदांवर येतो. म्हणजे ६ सेकंदांत ४ फटके.

क्रिटची शक्यता ३५% असेल तर न बसण्याची ६५%. चारही वेळा न बसण्याची ०.६५ × ०.६५ × ०.६५ × ०.६५ = साधारण ०.१८. म्हणून अपटाइम ८२%, आणि ७० चे खरे ५७. वरच्या सूत्रात घाला: ५७ × ०.७१४ = साधारण ४१, म्हणजे २.८%.

फायर मेजचा फायरबॉल टॅलेंट घेऊनही ३ सेकंदांचा. ६ सेकंदांत दोनच फटके. तेवढाच क्रिट धरला तरी अपटाइम ५८% वर येतो आणि ७० चे ४० च होतात. आर्केनवाल्याचा क्रिट २०% च असेल तर त्याचाही अपटाइम ५९% वर उतरतो. पाटीवर मात्र सगळ्यांना ७० च दिसतं.

आणि म्हणून टियर ५ चे २ पीस सोन्याचे आणि पुढचे २ पीस साधारण. २.८% साठी आणखी दोन टोकन खर्च करायची, की त्या जागांवर टियर ६ चे पीस घालायचे? बहुतेक वेळा टियर ६ चे घालायचे. दोन-पीस ठेवून बाकीच्या जागा मोकळ्या सोडणं ही बऱ्याच वेळा सगळ्यात चांगली मांडणी निघते, पण सेट ‘पूर्ण’ करायची आपल्याला एक हौस असते.

फुकटचा बोनस नसतो: मॅनाचं काय?

२-पीसच्या पाटीवर दुसरं वाक्य आहे, मॅना खर्च २०% जास्त. हे वाक्य लोक वाचत नाहीत, किंवा वाचून घाबरून सेटच घालत नाहीत. दोन्ही चूक.

पाटीवरचा २०% जसाच्या तसा धरला तर डॅमेज १.२ पट आणि खर्चही १.२ पट. म्हणजे एका मॅनामागे मिळणारं डॅमेज तेवढंच राहिलं. लढाई लहान असेल, मॅना उरून राहणार असेल, तर सरळ फायदा. लढाई लांबली आणि मॅना संपणार असेल तर तेवढ्याच मॅनात आर्केन ब्लास्ट आधीपेक्षा कमी बसतील, १०० च्या जागी ८३. पण त्या ८३ फटक्यांचं डॅमेज आधीच्या १०० एवढंच असेल, आणि वाचलेल्या वेळात तुम्ही फ्रॉस्टबोल्टसारखा स्वस्त स्पेल टाकू शकता. म्हणजे नुकसान नाही, पण २०% चा फायदा मात्र बराच आटतो.

म्हणून कुठलाही बोनस तपासताना तो कुठल्या लढाईसाठी तपासताय ते ठरवा. तीन मिनिटांत संपणारा बॉस आणि आठ मिनिटं चालणारा बॉस यांचं उत्तर वेगळं येतं. तुमच्या गिल्डच्या लढाया किती वेळ चालतात ते लॉगमध्ये असतं, दुसऱ्या देशातल्या एक नंबरच्या गिल्डच्या लढाया धरून हिशेब करू नका. ते बॉस लवकर मारतात, त्यांचा मॅना संपतच नाही.

टक्के मिळवायचे की गुणायचे? (गेन्शिनवाल्यांनो, हे तुमच्यासाठी)

तुमच्याकडे ३०% चा एक फायदा आहे, आणखी २०% चा मिळाला. गेम ते मिळवत असेल तर ५०%, गुणत असेल तर १.३ × १.२ म्हणजे ५६%. कुठे मिळवणी आहे आणि कुठे गुणाकार, हे प्रत्येक गेमचं वेगळं असतं आणि मिळवणी असेल तिथे नव्या बोनसची किंमत कमी होत जाते.

गेन्शिन इम्पॅक्टमध्ये क्रिमझन विच ऑफ फ्लेम्स या आर्टिफॅक्ट सेटचा २-पीस बोनस पायरो डॅमेज १५% वाढवतो. पण तुमच्या पायरो पात्राकडे बहुतेक पायरो डॅमेजचा गॉब्लेट असतोच, पंचतारांकित आणि २० लेव्हलचा असेल तर ४६.६%. हे दोन्ही एकाच डब्यात मिळवले जातात. म्हणजे १.४६६ चे १.६१६ झाले, खरी वाढ १०.२%. १५ ची १० झाली, आणि कोणी फसवलेलं नाही.

याच सेटच्या ४-पीसमध्ये आणखी एक सापळा आहे. एलिमेंटल स्किल वापरलं की ‘२-पीसचा परिणाम ५०% नं वाढतो’, १० सेकंद, तीन वेळांपर्यंत. हे ५०% कशाचे? त्या १५ चे. म्हणजे एका वेळेला साडेसातच. पाटी वाचताना ‘कशाच्या किती टक्के’ हा प्रश्न मनात ठेवा.

मर्यादाही बघा. एम्ब्लेम ऑफ सेव्हर्ड फेटचा ४-पीस बोनस एनर्जी रिचार्जच्या २५% एवढं बर्स्ट डॅमेज देतो, जास्तीत जास्त ७५%. रिचार्ज २०० असेल तर ५०% मिळतात, ३०० ला ७५%. ३०० च्या पुढे रिचार्ज वाढवत बसलात तर बोनसच्या बाजूनं काहीही मिळत नाही.

डमीवर तपासताना होणारी फसगत

नवा सेट मिळाला की सगळे डमीवर जातात, दोन-अडीच मिनिटं मारतात, जुना घालतात, परत मारतात, आणि ‘३% वाढलं’ असं जाहीर करतात. हे बहुतेक वेळा नशीब मोजलेलं असतं, सेट नव्हे.

कारण क्रिट. ३५% क्रिट आणि क्रिटचा फटका पावणेदोन पट, असं धरलं तर १०० कास्टच्या सरासरीत नुसत्या नशिबानं साधारण पावणेतीन टक्के इकडेतिकडे होतं. दोन चाचण्यांची तुलना केली की ही चूक ४% पर्यंत जाते. २.८% चा बोनस या धुरळ्यात दिसणारच नाही. चूक १% वर आणायची तर प्रत्येक बाजूनं १६ पट, म्हणजे १६०० कास्ट, १.५ सेकंदाच्या हिशेबानं ४० मिनिटं सलग. मी एकदा केलंय. बोटं दुखली आणि घरच्यांनी विचारलं की हे नक्की काय चाललंय.

यावर सोपा उपाय आहे. एकूण डॅमेज बघूच नका. मीटरमध्ये त्या स्पेलच्या नुसत्या साध्या, म्हणजे क्रिट न झालेल्या फटक्यांची सरासरी बघा. आर्केन ब्लास्टच्या साध्या फटक्यात चढउतार थोडा असतो, त्यामुळे वीस-पंचवीस कास्टमध्ये २०% चा बोनस लख्ख दिसतो, आणि तो मिळवला जातोय की गुणला जातोय तेही कळतं. प्रॉकचा अपटाइम वेगळा बघा, मीटरमध्ये बफचा अपटाइम दिसतो. दोन तुकडे वेगवेगळे मोजा आणि नंतर जोडा. डमी नसेल तर भरपूर हेल्थ असलेला मॉब चालतो.

सिम: गणित दुसऱ्याकडून करून घेणं

आजच्या रिटेल वॉरक्राफ्टमध्ये बोनस एवढे गुंतागुंतीचे असतात की कागदावर हिशेब पुरत नाही. एक बोनस दुसऱ्या टॅलेंटला पेटवतो, तो तिसऱ्या स्पेलचा कूलडाऊन कमी करतो. त्यासाठी सिम्युलेशनक्राफ्ट हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम आहे. तो तुमच्या पात्राची लढाई हजारो वेळा खेळून सरासरी काढतो. आपला कॉम्प्युटर जुना असेल तर रेडबॉट्स ही वेबसाइट तेच काम त्यांच्या सर्व्हरवर करते. गेममधल्या सिम्युलेशनक्राफ्ट ॲड-ऑनमधून तुमच्या गिअरचा मजकूर कॉपी करायचा, तिथे टॉप गिअरमध्ये चिकटवायचा, बॅगेतले पीस निवडायचे. जुने चार, नवे दोन अधिक जुने दोन, नवे चार, सगळ्या मांडण्या तो लावून दाखवतो.

उत्तर वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथली नेहमीची लढाई ‘पॅचवर्क’ प्रकारची असते, साधारण पाच मिनिटांची. पॅचवर्क हा नॅक्सरामसमधला बॉस. त्याच्या लढाईत खेळाडूला जागा सोडून पळावं लागत नाही, नुसतं मारत राहायचं. तुमच्या खऱ्या बॉसला पळावं लागतं, मध्ये छोटे मॉब येतात. नवा बोनस अनेक शत्रूंवर चालणारा असेल तर पॅचवर्कमध्ये तो उगाच कमी दिसेल. लढाईचा प्रकार आणि शत्रूंची संख्या बदलून परत चालवा. दुसरं, सिममधला खेळाडू बटण चुकत नाही, झोपेत नसतो आणि त्याच्या घरची लाइट जात नाही. दोन मांडण्यांत अर्धा टक्का फरक असेल तर तो फरक नाहीच असं समजून जी खेळायला सोपी ती घ्या.

पिंग आणि बोनस: आपल्याकडचा वेगळा हिशेब

बाहेरच्या गाइडमध्ये हा भाग सहसा नसतो, कारण त्यांना त्याची गरज नसते. वॉरक्राफ्टचा सर्व्हर भारतात नाही. मी युरोपच्या सर्व्हरवर खेळतो. तिथल्या रात्री आठची रेड थंडीत आपल्याकडे साडेबाराला सुरू होते आणि माझा पिंग १७० च्या आसपास असतो. फायबर यायच्या आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो किती असायचा ते न विचारलेलं बरं.

पिंग सगळ्या बोनसना सारखा मारत नाही. गेममध्ये स्पेल क्यू विंडो नावाची सेटिंग आहे, मुळात ४०० मिलिसेकंद. चालू कास्ट संपायच्या ४०० मिलिसेकंद आधीपर्यंत तुम्ही पुढचं बटण दाबलंत तर सर्व्हर ते रांगेत लावून घेतो. १७० चा पिंग त्यात आरामात बसतो. त्यामुळे एकापाठोपाठ एक कास्ट करणाऱ्याचं आणि ‘अमुक स्पेलचं डॅमेज इतकं जास्त’ अशा कायम चालू बोनसचं पिंगमुळे जवळजवळ काहीच बिघडत नाही. ही सेटिंग कमी करा असा सल्ला कुठे वाचलात तर तो कमी पिंगवाल्यांसाठी आहे. आपण ४०० च ठेवायची.

बिघडतं ते ‘दिसलं की लगेच दाब’ प्रकारच्या बोनसचं. प्रॉक झाल्याची बातमी सर्व्हरकडून माझ्यापर्यंत यायला ८५ मिलिसेकंद, मला दिसून बोट हलायला ३००, बटण परत सर्व्हरला पोचायला ८५. जवळजवळ अर्धा सेकंद गेला. बोनस ६ सेकंदांचा असेल तर ८% गेले, ३ सेकंदांचा असेल तर १६%. शिवाय पुढचा स्पेल आधीच रांगेत असेल तर प्रॉक त्याच्यावरच खर्च होऊ शकतो. टियर २ च्या मेज सेटचा ८-पीस बोनस आठवा. फायरबॉल, फ्रॉस्टबोल्ट किंवा आर्केन मिसाइल्सनंतर १०% शक्यता की पुढचा स्पेल झटक्यात पडेल. हा प्रॉक ज्याच्यावर हवा त्याच्यावरच वापरायचा तर डोळे आणि नेट दोन्ही जागेवर लागतात.

म्हणून सिममध्ये दोन सेट सारखे आले तर मी कायम चालू असणारा निवडतो. सिम्युलेशनक्राफ्टमध्ये लॅग वाढवून बघता येतो, तेही एकदा करा. लाइट जाते ते मात्र वेगळंच प्रकरण. त्याला कुठलाही सेट बोनस नाही.

मीटरवर न दिसणारे बोनस

सगळे बोनस डॅमेजचे नसतात आणि त्यांना जबरदस्तीनं टक्क्यांत बसवू नये. टियर ४ मेजचा २-पीस बोनस फायरबॉल किंवा फ्रॉस्टबोल्ट टाकताना मार बसला तरी कास्ट अडू देत नाही. एका जागी उभं राहून मारायच्या लढाईत त्याची किंमत शून्य, आणि सतत अंगावर मार येणाऱ्या लढाईत तुमचा अख्खा कास्ट वाचवतो. प्रीस्टच्या टियर २ चा ३-पीस बोनस कास्ट करताना १५% मॅना रिजेन चालू ठेवतो. हीलिंगच्या मीटरवर तो दिसत नाही, पण शेवटच्या मिनिटाला हीलरकडे मॅना आहे की नाही यात दिसतो. अशा बोनससाठी मी एकच बघतो: आपण या बॉसवर कशामुळे हरतोय? मॅना संपून हरत असू तर मॅनाचा बोनस, मार खाऊन हरत असू तर बचावाचा.

शेवटी टोकन. टियर ५ चं एकच टोकन हंटर, मेज आणि वॉरलॉक तिघांना चालतं. तीन जण हात वर करतात आणि गिल्डमध्ये आवाज चढतो. हिशेब केलेला असेल तर बोलणं सोपं जातं. आमच्याकडे आता टोकन मागणाऱ्यानं एक ओळ लिहायची असते: किती पीस आहेत, हा मिळाला तर कुठला बोनस सुरू होईल, आणि तो बोनस त्याच्या एकूण डॅमेजच्या किती टक्के. एक पीस असलेल्या आर्केन मेजला दुसरा दिला तर १४-१५% लगेच चालू होतात. दोन असलेल्याला तिसरा दिला तर चौथा येईपर्यंत नुसते स्टॅट्स. मागच्या वेळी मी दोन पीसवर होतो, त्यामुळे माझी ओळ वाचून मीच हात खाली घेतला आणि हातमोजे दुसऱ्या मेजला गेले. माझे परत मिळालेले हातमोजे बँकेत ठेवलेत, आणि डिसएंचांटचं बटण ॲक्शन बारवरून काढून टाकलंय.